चीनमध्ये भ्रष्टाचार म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधल्या एखाद्या मंत्र्याला, जनरलला नाहीतर बँकेच्या साहेबाला पकडल्याची बातमी आली की मला तेच तेच प्रश्न येतात, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिताना काहीतरी सुटतंच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे पुढे किचकट. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. चीनच्या कायद्यात भ्रष्टाचाराची व्याख्या काय आहे? एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात नाही सांगता येत, कारण तशी एकच व्याख्या नाहीच. आपण ज्याला भ्रष्टाचार म्हणतो त्याला तिकडे 'फूबाय' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ सडणं, कुजणं. भाषणात, पेपरात, घरातल्या गप्पांत सगळीकडे हाच शब्द. पण फौजदारी कायदा उघडला तर 'फूबाय' नावाचा गुन्हा त्यात सापडत नाही. तिथं वेगवेगळे गुन्हे दिलेत, बरेचसे आठव्या प्रकरणात, कलम ३८२ ते ३९६. आणि कायद्याच्या अलीकडे कम्युनिस्ट पार्टीची स्वतःची शिस्तीची नियमावली आहे, जिची जाळी कायद्यापेक्षा खूप बारीक आहे.

म्हणजे लोक ज्याला भ्रष्टाचार म्हणतात तो एक, पार्टी ज्याला म्हणते तो दुसरा आणि कोर्टात जो सिद्ध होतो तो तिसरा. हे तिन्ही एकच धरले की गोंधळ सुरू होतो. तसं बघायला गेलं तर संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारातसुद्धा (चीनच्या संसदेने तो २००५ मध्ये मंजूर केला) एक व्याख्या दिलेली नाही, तिथंही गुन्ह्यांची यादीच आहे.

२. मग ते गुन्हे कोणते? 'थानवू' हा शब्द सारखा दिसतो, तो म्हणजे लाच का?

नाही, आणि इथंच बहुतेक जण गडबडतात. थानवू म्हणजे अपहार. सरकारी माणसाने पदाचा फायदा घेऊन सरकारी पैसा किंवा वस्तू लाटणं, चोरणं, खोटी बिलं लावून काढून घेणं. आपल्याकडच्या भाषेत सरकारी पैसा खाणं. लाच घेण्याला वेगळा शब्द आहे, 'शौहुई', आणि देण्याला 'शिंगहुई'. फरक साधा आहे, थानवूमध्ये पैसा सरकारचा जातो, शौहुईमध्ये बाहेरचा माणूस पैसा देतो आणि अधिकार विकला जातो.

तिसरा मोठा गुन्हा सरकारी पैसा वापरायला घेण्याचा, म्हणजे खायचा विचार नाही, परत ठेवणार होतो, पण मधल्या काळात स्वतःसाठी फिरवला. यात बारकावा असा की त्या पैशातून बेकायदेशीर धंदा केला (जुगार वगैरे) तर लगेच गुन्हा, नफ्यासाठी लावला आणि रक्कम मोठी असेल तरी गुन्हा, पण नुसता घरच्या कामाला वापरला असेल तर रक्कम मोठी हवी आणि ३ महिन्यांत परत केलेला नसावा. पूर, भूकंप, गरिबांच्या मदतीचा पैसा असेल तर शिक्षा जड.

आणखी एक, जो आपल्याकडे कुणाच्या डोक्यात पटकन येत नाही. अख्ख्या ऑफिसने मिळून सरकारी पैसा 'बोनस' म्हणून आपसात वाटून घेतला तर तोही वेगळा गुन्हा आहे, कलम ३९६. कुणा एकाने खाल्ला नाही, सगळ्यांनी वाटून घेतला, तरी ज्यांची मुख्य जबाबदारी त्यांना शिक्षा होते.

३. हे कायदे आधीपासून असेच होते का? माओच्या काळात काय होतं?

माओच्या काळात शब्द कमी आणि शिक्षा कडक होत्या. १९५१ च्या शेवटी 'तीन-विरोधी' मोहीम सुरू झाली, अपहार, उधळपट्टी आणि नोकरशाही वृत्तीच्या विरोधात. फेब्रुवारी १९५२ मध्ये तियानजिन भागातले दोन पार्टी नेते, लिऊ छिंगशान आणि झांग झिशान, यांना मृत्युदंड दिला गेला. दोघंही क्रांतीतले जुने कार्यकर्ते होते, त्यामुळे ती केस आजही तिकडे उदाहरण म्हणून सांगतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जे नियम आले त्यात थानवू हा एकच मोठा डबा होता, चोरी, फसवणूक, लाच घेणं, दमदाटी करून वसूल करणं, सगळं त्यातच.

मग १९७९ चा पहिला फौजदारी कायदा आला, त्यात थानवू मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत गेला आणि लाच कर्तव्यात कसूर करण्याच्या प्रकरणात. १९८८ च्या पुरवणी नियमांनी त्यांना पुन्हा जवळ आणलं आणि १९९७ च्या कायद्यात दोन्ही मिळून आठवं प्रकरण झालं. ही नुसती कागदावरची हलवाहलव नव्हती. बाजार खुला झाला, सरकारच्या हातातल्या परवानग्यांना, जमिनीला, कर्जाला भाव आला, आणि गोदामातून धान्य पळवण्यापेक्षा सही विकणं मोठं झालं.

४. 'सरकारी माणूस' कोण? सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, शाळेतले सर, गावचा प्रमुख, हे येतात का?

कलम ९३ मध्ये ही व्याख्या आहे. सरकारी कार्यालयातले तर येतातच, शिवाय सरकारी कंपन्या, संस्था, जनसंघटना यांत 'सरकारी स्वरूपाचं काम' करणारे, आणि सरकारी कंपनीने दुसऱ्या कंपनीत पाठवलेले पण येतात. नोकरी कुठं आहे यापेक्षा काम कसलं आहे ते बघतात.

गावच्या समितीबद्दल खूप वाद होता, कारण कागदावर गावसमिती ही लोकांची स्वयंशासनाची संस्था आहे, सरकार नाही. एप्रिल २००० मध्ये संसदेच्या स्थायी समितीने खुलासा केला की मदतीचा निधी, जमीन संपादनाची भरपाई, कर, कुटुंबनियोजन अशा सरकारी कामांत हात लावत असतील तर गावसमितीचे लोक सरकारी माणसं धरायची. म्हणजे तोच गावप्रमुख भरपाईचा पैसा खातो तेव्हा थानवू, आणि गावाच्या स्वतःच्या तळ्याच्या भाड्याचे पैसे खातो तेव्हा वेगळा आणि हलका गुन्हा. गावकऱ्यांना यातला फरक कसा पटायचा, त्यांचे पैसे दोन्हीकडून गेलेच ना.

डॉक्टरचं पण असंच आहे. सरकारी हॉस्पिटलमधला डॉक्टर औषधखरेदीत ठरवणारा असेल आणि तिथं पैसे घेतले तर सरकारी माणूस म्हणून लाच. पण नुसतं प्रिस्क्रिप्शन लिहून कंपनीकडून कमिशन घेतलं तर ते 'बिगरसरकारी माणसाने घेतलेली लाच', कलम १६३, हे २००८ च्या खुलाशात स्पष्ट केलंय.

५. लाच म्हणजे रोख पैसेच का? घर, ट्रिप, मुलाची फी, पेंटिंग यांचं काय?

कायद्यातला शब्द 'संपत्ती' असा आहे, आणि सुरुवातीला वकील याच शब्दावर भांडायचे. मग सुप्रीम कोर्ट आणि सर्वोच्च सरकारी वकील कार्यालय या दोघांनी मिळून २००७ मध्ये एक मोठं मार्गदर्शन काढलं. बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात घर किंवा गाडी 'विकत' घेणं, एक पैसा न घालता कंपनीत शेअर मिळवणं, मुद्दाम हरवून दिलेल्या जुगारात 'जिंकणं', नातेवाइकाला कामावर न जाता पगार चालू ठेवणं, घर दुसऱ्याच्या नावावर ठेवून स्वतः राहणं, हे सगळं त्यात घेतलं. याच दोघांच्या २०१६ च्या खुलाशात घराचं इंटिरियर करून देणं, कर्ज माफ करणं, क्लबची मेंबरशिप, ट्रिपचा खर्च हे पण मोजायचं ठरलं. मला २००७ चा कागद फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो वाचला की समजतं, लोक काय काय युक्त्या करत होते त्याची ती जवळजवळ यादीच आहे.

चित्रं, प्राचीन वस्तू, कॅलिग्राफी यांच्या लाचेला तिकडे 'याहुई' म्हणतात, सुसंस्कृत लाच असा अर्थ. यात अडचण किमतीची. छोंगछिंग शहरातला पोलीस अधिकारी वन छियांग याच्या केसमध्ये झांग दाछियान या नामवंत चित्रकाराच्या नावाचं चित्र आधी ३६ लाख युआनच्या वर धरलं होतं आणि नंतर ते नक्कल असल्याचा निर्वाळा आला. वन छियांगला २०१० मध्ये मृत्युदंड झाला, बाकीच्या रकमा आणि गुन्हेच भरपूर होते.

६. आणि शरीरसंबंध? ती लाच धरतात का?

फौजदारी कायद्यात नाही, कारण त्याची किंमत युआनमध्ये मोजता येत नाही. पण दुसऱ्या कुणी त्यासाठी पैसे मोजले असतील तर तो खर्च अधिकाऱ्याने घेतलेली लाच म्हणून धरता येतो. पार्टीच्या नियमावलीत मात्र 'सत्तेच्या बदल्यात शरीर' आणि 'पैशाच्या बदल्यात शरीर' दोन्ही नावानिशी आहेत आणि त्यावरून हकालपट्टी होते. यातल्या बाईकडे नेहमी 'दिलेली वस्तू' म्हणूनच बघितलं जातं, तिच्यावर जबरदस्ती झाली का हा प्रश्न त्या सरकारी निवेदनात कुठंच नसतो, आणि हे मला फार खटकतं.

७. पैसे घेतले पण कामच केलं नाही, तर?

लाचेचे दोन प्रकार आहेत. स्वतः मागून घेतली तर मागितली एवढंच पुरेसं, समोरच्याचं काम केलं का नाही हे बघत नाहीत. समोरच्याने आपणहून दिली आणि याने घेतली, तर 'दुसऱ्याचा फायदा करून देणं' ही अट लागते. पण ती अट २०१६ च्या खुलाशाने इतकी सैल केली की नुसतं हो म्हणणं पुरतं, काम सुरू केलं नसलं तरी. समोरच्याला काय हवंय हे माहीत असूनही घेतलं, तरी चालतं. आणि काम आधी सरळ नियमाने केलं, मागाहून त्याबद्दल 'आभाराचे' पैसे घेतले, तरी लाचच.

८. पण चीनमध्ये तर गिफ्ट द्यायची पद्धतच आहे ना, लाल पाकीट, सणाची भेट? मग सगळेच गुन्हेगार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर खरंच नाजूक आहे. नवीन वर्षाला लहान मुलांना लाल पाकिटात पैसे देणं, लग्नात आहेर करणं, आजाऱ्याला बघायला जाताना काहीतरी नेणं, ही तिकडची माणुसकी आहे, 'रनछिंग' म्हणतात, आणि केलेल्याची परतफेड करायची हे मनात पक्कं असतं. आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीत कुणी किती दिलं ते लिहितात ना, अगदी तसं.

कोर्ट बघतं ते असं. दोघांचं नातं किती जुनं, देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं का, रक्कम त्यांच्या ऐपतीला आणि त्या भागाच्या रीतीला धरून आहे का, आणि देणाऱ्याचं काही काम अडकलेलं होतं का. २०१६ चा एक नियम इथं फार कामाचा आहे. हाताखालच्या माणसाकडून किंवा ज्याच्यावर आपला अधिकार चालतो अशाकडून ३० हजार युआन किंवा जास्त घेतले आणि त्याचा अधिकार वापरण्यावर परिणाम होऊ शकत असेल, तर काम करून देण्याचं कबूल केलं असंच धरायचं. म्हणजे साहेबाला दरवर्षी सणाला थोडं थोडं देत राहिलं आणि बेरीज तिथं पोचली, तर 'प्रेमाने दिलं' हे चालत नाही.

अजून एक वेगळी गोष्ट, सरकारी कामात मिळालेली भेटवस्तू (परदेशी पाहुण्याकडून मिळालेली सुद्धा) नियमाप्रमाणे जमा करायची असते. ती मोठ्या किमतीची असेल आणि ठेवून घेतली तर कलम ३९४ प्रमाणे तो अपहार होतो, लाच नाही. प्रश्न २ मधला फरक इथं लागू होतो.

९. किती रकमेपासून गुन्हा धरतात?

१९९७ च्या कायद्यात आकडे थेट कलमातच लिहिले होते, साधारण ५ हजार युआनपासून गुन्हा आणि १ लाखाच्या वर १० वर्षांपासून पुढे. पण महागाई वाढली आणि १ लाख खाणारा आणि ५० लाख खाणारा जवळपास सारख्याच शिक्षेत बसायला लागले. मग २०१५ च्या दुरुस्तीत कलमातले आकडे काढून 'बऱ्यापैकी मोठी', 'प्रचंड', 'अतिप्रचंड' असे शब्द घातले, आणि एप्रिल २०१६ मध्ये खुलाशाने त्यांचे आकडे ठरवले, ३० हजार, २ लाख आणि ३० लाख युआन. ३० हजार युआन म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वरच. मदतनिधी खाल्ला असेल, आधी याच कारणाने शिक्षा झाली असेल, पदं विकली असतील, अशा वेळी १० हजारांपासूनही गुन्हा धरतात.

यावर तिकडच्या लोकांची तक्रार होती आणि ती मला पटते. साधी चोरी काही हजार युआनची असली तरी गुन्हा, आणि अधिकाऱ्यासाठी मर्यादा ५ हजारांवरून एकदम ३० हजार. सरकारी उत्तर असं की त्याखालच्या रकमांसाठी पार्टीची शिस्त आहे. ते पुढच्या प्रश्नात.

१०. ३० हजारांच्या खाली असेल तर सुटला का? पार्टीची शिस्त म्हणजे काय नेमकं?

सुटला नाही. पार्टीच्या शिस्तभंगाच्या नियमावलीत (सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून लागू) शिस्तीचे सहा भाग आहेत, राजकीय, संघटनेची, सचोटीची, जनतेशी वागण्याची, कामाची आणि खासगी आयुष्याची. शिक्षा ताकीद, गंभीर ताकीद, पार्टीतलं पद काढणं, पार्टीत राहून निगराणी, आणि हकालपट्टी. यात रकमेची किमान मर्यादा नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये शी जिनपिंग आल्यावर लगेच 'आठ नियम' आले, आणि त्यानंतर सरकारी पैशाने मूनकेक (सणाची मिठाई) वाटणं, सरकारी गाडी घरच्या कामाला नेणं, पोराच्या लग्नात मोठा मांडव घालून आहेर गोळा करणं, कंत्राटदाराच्या पैशाने गोल्फ खेळणं, या गोष्टींवर कारवाई व्हायला लागली. मे २०२५ मध्ये उधळपट्टीविरोधी नियम आणखी कडक केले, सरकारी कामाच्या जेवणात दारू आणि सिगारेट बंद. आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण जिथं टेबलावर माओताईची (महागडी चिनी दारू) बाटली असल्याशिवाय फाईल हलत नव्हती तिथं लहान दुकानदाराच्या खिशावरचा भार या नियमांनी खरंच कमी केला असणार, एवढं श्रेय मी देतो.

पार्टीचे सदस्य नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही शिक्षा करता यावी म्हणून २०२० मध्ये वेगळा कायदा केलाय.

११. पकडतं कोण? पोलीस की सीबीआयसारखं काही?

शिस्त तपासणीचा केंद्रीय आयोग, हा पार्टीचा, आणि राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोग, हा राज्ययंत्रणेचा. दोन नावं, पण ऑफिस एकच आणि माणसं पण तीच. पर्यवेक्षण कायदा मार्च २०१८ मध्ये आला. त्याआधी पार्टी आपल्या सदस्यांना 'श्वांगगुई' खाली, म्हणजे ठरवलेल्या जागी ठरवलेल्या वेळी हजर राहा असं सांगून, डांबून ठेवायची आणि त्याला कायद्याचा नीट आधारच नव्हता. २०१८ पासून त्याजागी 'लिउझी' आहे, म्हणजे पर्यवेक्षण कायद्याखाली आयोगाने डांबून ठेवणं. ३ महिने, गरज असेल तर आणखी ३. जून २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने १० वर्षांच्या वर शिक्षा होण्यासारख्या केसमध्ये अजून २ महिने वाढवता येतात. या सगळ्या काळात वकील मिळत नाही. भ्रष्ट माणसाबद्दल मला काही प्रेम नाही, पण ६-८ महिने वकिलाशिवाय ठेवून मिळवलेल्या कबुलीवर केस उभी राहत असेल तर निर्दोष माणूस त्यातून सुटणार कसा?

१२. बातमीत 'शिस्तीचा आणि कायद्याचा गंभीर भंग' असं असतं, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

एवढाच की चौकशी सुरू झालीय. काही महिन्यांनी दुसरं निवेदन येतं, ते नीट वाचा. त्यात आधी राजकीय आरोप असतात (निष्ठा गमावली, चौकशीत अडथळे आणले, गट तयार केले), मग अंधश्रद्धेचे विधी केले, 'गंभीर राजकीय दोष असलेली' पुस्तकं वाचली, असंही कधी कधी असतं, मग जेवणावळी, भेटी, पदांची विक्री, आणि शेवटी लाच. यातलं कोर्टात फक्त शेवटचं जातं. 'श्वांगखाय' झालं म्हणजे पार्टी आणि सरकारी नोकरी दोन्हीकडून काढलं, आणि त्यानंतर निर्दोष सुटल्याची उदाहरणं फारच दुर्मिळ.

आणि आकडे वापरताना जपून. २०२४ मध्ये ८ लाख ८९ हजार लोकांना शिक्षा झाली हा अधिकृत आकडा बऱ्याच जणांनी 'नऊ लाख भ्रष्ट पकडले' म्हणून फिरवला. तो पार्टीच्या आणि प्रशासकीय शिस्तीखालच्या सगळ्या शिक्षांचा आकडा आहे, कामात हलगर्जी, नुसती ताकीद, सगळं धरून.

१३. बायकोने किंवा मुलाने घेतले, साहेबाला माहीतच नव्हतं, मग?

छोंगछिंगचा माजी पार्टी सचिव बो शीलाय याने हेच म्हटलं होतं. २०१३ मध्ये जिनानच्या कोर्टात त्याच्यावर साधारण २ कोटी युआन लाचेचा आरोप सिद्ध धरला, त्यात मोठा भाग फ्रान्समधल्या बंगल्याचा आणि बायको-मुलाच्या प्रवासखर्चाचा, जो एका उद्योगपतीने केला होता. कोर्टाने धरलं की त्याला माहीत होतं. जन्मठेप झाली.

नियम असा आहे की जवळच्या माणसाने घेतलं, अधिकाऱ्याला नंतर कळलं, आणि तरीही त्याने परत केलं नाही किंवा जमा केलं नाही, तर त्याचाच हेतू धरायचा. आणि खरंच माहीत नसेल तर? त्यासाठी २००९ मध्ये नवीन गुन्हा आला, वजन वापरून लाच घेणं. नातेवाईक, जवळचा माणूस, निवृत्त अधिकारी, यांनी स्वतः खुर्चीवर नसताना साहेबाच्या नावावर पैसे घेतले तर ते स्वतः त्यात अडकतात. २०१५ पासून अशा लोकांना पैसे देणाराही अडकतो.

१४. लाच सिद्ध होत नाही पण घरात पैशांचा ढीग आहे, अशा वेळी?

बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा, १९८८ पासून आहे, आता कलम ३९५. हिशोब देता आला नाही तर फरकाची रक्कम बेकायदेशीर धरतात. जास्तीत जास्त शिक्षा १० वर्षं, म्हणजे लाचेपेक्षा खूप कमी.

शांशी प्रांतातला यांग दाचाय आठवतोय का? ऑगस्ट २०१२ मध्ये बस आणि टँकरच्या अपघातात ३६ माणसं जळून मेली, आणि हा सुरक्षेचा प्रमुख तिथं हसताना फोटोत दिसला. लोक चिडले, त्यांनी जुने फोटो शोधून त्याच्या मनगटावरची महागडी घड्याळं एकेक करून ओळखली. २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. लाच सिद्ध झाली फक्त अडीच लाख युआनची, आणि हिशोब न लागलेले ५० लाखांच्या वर. ही केस कुठल्या आयोगाने नाही, सामान्य माणसांनी काढली.

१५. मग अधिकाऱ्यांची संपत्ती जाहीर का करत नाहीत?

अधिकारी घरं, गुंतवणूक, बायको-मुलांचं परदेशातलं वास्तव्य, हे सगळं पार्टीला कळवतात. ज्यांची बायको-मुलं परदेशात स्थायिक आहेत त्यांना 'लुओगुआन', म्हणजे उघडे अधिकारी म्हणतात आणि बढतीत अडवतात. पण ही माहिती आतच राहते. ती जनतेसमोर मांडा अशी मागणी कायद्याचे अभ्यासक आणि कार्यकर्ते शू झियोंग आणि नव-नागरिक चळवळीतल्या लोकांनी केली, रस्त्यावर बॅनर धरले. जानेवारी २०१४ मध्ये शू यांना ४ वर्षांची शिक्षा झाली, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवली म्हणून. मोहीम जोरात चालू होती त्याच काळात. भ्रष्टाचार कशाला म्हणायचं आणि तो कुणी शोधायचा हे दोन्ही पार्टी स्वतःच्या हातात ठेवते, आणि माझ्या मते सगळ्याचा गाभा इथं आहे.

१६. म्हणजे हा सगळा राजकीय सूड आहे का?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. देशाच्या सुरक्षायंत्रणेचा माजी प्रमुख झोऊ योंगकांग याच्यावर २०१५ मध्ये साधारण १३ कोटी युआनची लाच सिद्ध झाली, आणि तो शी यांच्या विरोधातल्या गटाचा मानला जायचा. पैसे खाल्ले नव्हते असं नाही, पण तितकेच खाल्लेले सगळे त्याच वेळी पकडले गेले असंही नाही. शिवाय प्रश्न १० मधली राजकीय शिस्त लक्षात घ्या, तिथं गट करणं, केंद्राच्या धोरणावर 'अयोग्य चर्चा' करणं हे लाचेच्याच शेजारी बसलंय. निष्ठा आणि सचोटी एकाच वहीत मोजली की कुठली बाब खरी भारी पडली हे बाहेरून कळत नाही.

१७. पैसे खाल्ले नाहीत, पण कामच केलं नाही आणि माणसं मेली, तो भ्रष्टाचार?

कायद्याने वेगळा, नववं प्रकरण, कलम ३९७ पासून पुढे. पदाचा गैरवापर आणि कर्तव्यात हलगर्जी. ऑगस्ट २०१५ मध्ये तियानजिन बंदरात रसायनांच्या गोदामाचा स्फोट झाला, १६५ जण गेले, ८ सापडलेच नाहीत. पुढच्या वर्षी ज्या ४९ जणांना शिक्षा झाली त्यात २५ सरकारी माणसं होती, काहींनी लाच घेतली होती आणि काहींनी नुसता कानाडोळा केला होता. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ही दोन प्रकरणं वेगळी वाटत नाहीत.

१८. लाच देणाऱ्याला काय होतं? आमचा चीनमधून माल येतो, तिकडचा माणूस 'कमिशन' मागतो.

आधी देणाऱ्याकडे साक्षीदार म्हणून बघायचे, त्यामुळे तो बऱ्याचदा सुटायचा. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने देणाऱ्याची शिक्षा वाढवली, खास करून वारंवार देणारे, अनेकांना देणारे, आणि अन्नसुरक्षा, औषधं, शिक्षण, पर्यावरण अशा क्षेत्रांत देणारे. एक सूट आहे. दमदाटीने पैसे काढून घेतले आणि बदल्यात काही गैरवाजवी फायदा मिळाला नाही, तर ती लाच देणं धरत नाहीत.

तुमचा माणूस खासगी फॅक्टरीचा असेल तर सरकारी लाच नाही, पण कलम १६३ आणि १६४ आहेतच, खासगी कंपनीच्या माणसाला लाच देणं पण गुन्हा आहे. 'प्रायव्हेट आहे, चालतं' असं समजून कुणी अडकू नका. सूट द्यायची-घ्यायची असेल तर बिलावर उघड, कंपनीच्या खात्यात.

१९. खरंच फाशी देतात का?

मृत्युदंड देतात, पण बातम्यांवरून वाटतं तितक्या वेळा नाही. लाय शियाओमिन, सरकारी वित्तकंपनीचा प्रमुख, १७८ कोटी ८० लाख युआनची लाच. ५ जानेवारी २०२१ ला शिक्षा सुनावली आणि २९ जानेवारीला अंमल झाला. डिसेंबर २०२४ मध्ये इनर मंगोलियातला अधिकारी ली जियानपिंग, त्यालाही मृत्युदंड दिला. बहुतेक मोठ्या केसमध्ये मात्र '२ वर्षं स्थगितीसह मृत्युदंड' असतो, जो पुढे जन्मठेप होतो. २०१५ मध्ये त्यातच एक प्रकार घातला, सवलत नाही, पॅरोल नाही, मरेपर्यंत तुरुंग. पहिला बाय एनपेई, युन्नानचा माजी पार्टी सचिव, ऑक्टोबर २०१६.

२०. घेतलेले पैसे परत केले तर?

कधी आणि का परत केले त्यावर आहे. लगेच परत केले किंवा जमा केले तर २००७ च्या मार्गदर्शनाप्रमाणे लाच धरत नाहीत. पण देणारा पकडला गेला, चौकशीची कुणकुण लागली, आणि मग झाकण्यासाठी परत केले तर गुन्हा तसाच राहतो. 'लगेच' म्हणजे किती दिवस याचा आकडा कुठंच नाही, कोर्ट परिस्थिती बघतं. आजारपणामुळे किंवा देणाराच सापडत नसल्यामुळे उशीर झाला तर समजून घेतात.

२००० च्या सुमारास निंगबो शहरात यासाठी बँकेत एक खातं उघडलं होतं, नंबर ५८१. चिनीत हे आकडे म्हटले की 'मला नको' असं काहीसं ऐकू येतं. अधिकारी नाव न सांगता त्यात पैसे भरू शकत होता आणि पावती जपून ठेवायचा. इतर शहरांनीही ते उचललं. पुढे बऱ्याच ठिकाणी ही खाती बंद केली, कारण दहा जणांकडून घेऊन एकाचे भरायचे आणि ती पावती पुढे करायची, असंही करता येत होतं.